भूलतज्ज्ञांची संघटना : मानधनापलीकडचं काम

भूलतज्ज्ञांच्या संघटना फक्त मानधनासाठी भांडतात, या मताशी मी सहमत नाही. ब्रिटनचंच उदाहरण घ्या. लंडनमध्ये १८९३ साली भूलतज्ज्ञांची पहिली सोसायटी स्थापन झाली. १९०८ मध्ये ती रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनचा एक विभाग बनली. तिथे निबंधवाचन आणि चर्चा होत, पण प्रशिक्षण, दर्जा, नेमणुका यांवर बोलायला त्या व्यासपीठावर वाव नव्हता. ही उणीव ओळखून बर्मिंगहॅमचे डॉ. हेन्री फेदरस्टोन यांनी पुढाकार घेतला आणि १९३२ मध्ये असोसिएशन ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्स उभी राहिली.

तिचा पहिला मोठा आग्रह कशासाठी होता? परीक्षेसाठी! त्या काळी भूल देणं हे अनेकदा सामान्य डॉक्टरचं जोडकाम असायचं. १९३५ मध्ये भूलशास्त्राच्या पदविकेची पहिली परीक्षा झाली आणि हे स्वतंत्र शास्त्र आहे, त्याला वेगळं शिक्षण लागतं, हे मान्य झालं. मला हा टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्याचा खरा लाभ टेबलावरच्या रुग्णाला झाला. १९४६ पासून संघटनेचं स्वतःचं नियतकालिकही निघतं.

पुढे भूल देण्याचं यंत्र वापरण्याआधी काय तपासायचं, रुग्णाच्या ऑक्सिजनवर लक्ष कसं ठेवायचं, याची मार्गदर्शक तत्त्वं संघटनेने काढली. नळी उलटी जोडली गेली किंवा सिलिंडर संपला, तर मेंदूला इजा व्हायला काही मिनिटं पुरतात. बेशुद्ध माणूस तक्रार करू शकत नाही. त्याच्या वतीने हे नियम कुणीतरी आधीच लिहून ठेवावे लागतात.