कर्क स्मिथ यांचं संशोधन आपल्या चुलीपर्यंत पोचलं का?

गोदाकाठ
पळाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, ओल्या असल्या की आजी फुंकणीने फुंकून फुंकून बेजार व्हायची. डोळे लाल, आणि मांडीवर कुणीतरी तान्हं. तिच्या खोकल्याला घरात कधी कुणी आजार म्हटलं नाही.

१९८१ साली अमेरिकी संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांचे भारतीय सहकारी गुजरातच्या खेड्यांत गेले. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा तपासायचं यंत्र बांधलं आणि त्यांच्या छातीत किती धूर जातो ते मोजलं. प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी, असं समजायचे ते दिवस. पुढे ते अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात प्राध्यापक होते, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या २०१४च्या अहवालात आरोग्याच्या प्रकरणाचे प्रमुख लेखक होते. २०२० मध्ये गेले.

त्यांच्या निबंधांचा दाखला किती जणांनी दिला, यावर त्यांचं मोठेपण मोजू नये असं मला मनापासून वाटतं. गरीब घरांना गॅस देणाऱ्या सरकारी उज्ज्वला योजनेच्या ८ कोटी जोडण्या २०१९ मध्ये पूर्ण झाल्या. चुलीचा धूर हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे आधी कुणीतरी पटवून दिलं म्हणूनच ना?

काटेकोर
आदर मलाही आहे, पण जोडण्या मोजून आरोग्य सुधारल्याचं सिद्ध होत नाही. तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडात ३,२०० गरोदर बायकांवर मोठा अभ्यास झाला. निम्म्या जणींना गॅसची शेगडी आणि १८ महिने फुकट गॅस. धूर पुष्कळ कमी झाला. तरी बाळांच्या जन्मवजनात फरक दिसला नाही (२०२२), न्यूमोनियातही नाही (२०२४). स्मिथ यांच्या स्वतःच्या ग्वाटेमालातल्या प्रयोगातही धुराड्याच्या चुलीने न्यूमोनिया खात्रीने कमी झाला असं म्हणता आलं नाही.

गोदाकाठ
ग्वाटेमालाचा निकाल पुरता सांगा ना. गंभीर न्यूमोनिया जवळपास एक तृतीयांशाने घटला होता. आणि मला त्यांच्याबद्दल सर्वात जास्त आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. चूल सुधारून धूर पुरेसा हटत नाही हे आकड्यांतून दिसल्यावर त्यांनी आपलं मत बदललं आणि गरिबाला थेट गॅस द्या म्हणून भांडले. आमच्याकडेही सरकारी निर्धूर चूल आली होती. दोन वर्षांत तिचं नळकांडं काजळीने बुजलं आणि धूर पुन्हा घरात.

शिवाय जन्मवजन हा एकच हिशोब झाला. तीस वर्षं धूर गिळलेल्या बाईचं फुप्फुस दीड वर्षाच्या अभ्यासात कसं दिसणार?

रानवाट
पण गॅसही जमिनीखालचंच इंधन. हवामानबदलाचा अभ्यासक त्याची तरफदारी करतो, हे मला अजून पटत नाही. गोबरगॅस का नाही?

गोदाकाठ
हा आक्षेप त्यांना माहीत होता. २००२ मध्येच त्यांनी 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात गरिबांसाठी पेट्रोलियम गॅसची बाजू घेतली होती. लाकूड चुलीत पुरतं जळत नाही; त्यातून मिथेन आणि काजळी निघते, आणि तीही हवा तापवते. जगाचा सगळा गरीब स्वयंपाक गॅसवर आला तरी त्याचा वाटा थोडाच. गोबरगॅस उत्तमच, पण दावणीला जनावरं नाहीत त्या घरात शेण कुठून आणायचं?

डोंगरपाडा
ताई, मी आरोग्यसेविका आहे, पाड्यांवर फिरते. सिलिंडर बहुतेक घरांत आहे. कोपऱ्यात, वर जुनी ओढणी, त्यावर पिठाचा डबा. पाहुणे आले की चहापुरता पेटतो. भाकरी चुलीवर, आंघोळीचं पाणीही चुलीवर. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगच्या २०१९च्या अहवालात उज्ज्वलाच्या घरांत वर्षाला सरासरी तीन-चारच सिलिंडर लागत असल्याचं होतं. मला ते रोज दिसतं. सरपण फुकट मिळतं, सिलिंडरला एकरकमी पैसे मोजावे लागतात, आणि घरात पैसा हातात असणारा माणूस चुलीपुढे बसत नाही. स्मिथ साहेबांनी धूर मोजला ते थोरच. पण सिलिंडर भरायचा निर्णय कोण घेतं, हे मोजल्याशिवाय हा प्रभाव अर्धाच म्हणेन मी.

काटेकोर
हेच म्हणायचं होतं मला. चूल चालू असेल तर शेगडी घरात असून काय उपयोग?

गोदाकाठ
उपयोग आहे, पण डोंगरपाडा म्हणतात ते मी लिहायला हवं होतं. माझ्या आईकडे गॅस येऊन वीस वर्षं झाली, तरी पाण्याचा बंब परवा-परवापर्यंत पळाट्यांवरच तापायचा. तो मागच्या पडवीत असतो म्हणून धुरात कधी धरलाच नाही आम्ही. तुमच्या पाड्यांवर पाणी घरात तापवतात की बाहेर?