चालत्या बैलांमागची वेस ब्लर करायची का?

बीडचा एडिटर
पोळ्याची एक क्लिप आलीय. औशाकडचं गाव. शेवऱ्या, म्हणजे पांढऱ्यावर काळे डाग असलेल्या, देवणी बैलांची जोडी झूल पांघरून वेशीतून बाहेर येते, पुढं कासरा धरून घरातले वडील. मागं दगडी वेस, वर आंब्याच्या पानांचं तोरण, दोन्ही अंगांनी गाव उभं, पल्याड मारुतीच्या देवळाचा कळस. मोबाईलवर काढलेली, १८ सेकंदांची. सोबत पोराचा निरोप : “वडील आणि बैल सोडून मागचं सगळं ब्लर करा. मोठ्या कॅमेऱ्यानं काढल्यासारखं दिसलं पाहिजे.”

मी नाही म्हणून कळवलंय. का, ते इथं मांडतो, कारण आता दर दुसरी पार्टी हेच मागायलीय.

पोळा हा वेशीतला सण. तोरणाखालून आधी कुणाची जोडी जाते यावर गावात वर्षानुवर्षं मान ठरलेले असतात, भांडणंही होतात. त्या क्लिपमधून वेस गेली तर उरतात दोन बैल आणि एक माणूस. ते हाळीच्या जनावरांच्या बाजारातही दिसतात. नळदुर्गला प्री-वेडिंग करायलो होतो तेव्हाही हेच झालं. पाणीमहालापुढून जोडपं चालत येतं, आणि नंतर सांगतात मागचं धूसर करा. मग किल्ल्यापर्यंत गेलो कशासाठी?

दुसरं, कामाचं. सेकंदाला तीस फ्रेमच्या, म्हणजे तीस चित्रांच्या हिशेबानं ही क्लिप ५४० फ्रेमची आहे. बैल चालतोय, गोंडे हलतायत, शेपटी उडतेय. बैल वेगळा करायला त्याच्या कडेनं आखलेला मास्क एका फ्रेमला शिंग खातो, पुढच्या फ्रेमला कान. असलं काम माझ्या हातून बाहेर जाऊ नये असं मला वाटतं.

लातूरचा लग्नवाला
दादा, तुमचा मान राखून सांगतो, हे मला पटलं नाही.

ज्याच्याकडं मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम कॅमेरा आणि एफ १.८ ची, म्हणजे मोठ्या तोंडाची लेन्स आहे त्याचं बॅकग्राउंड आपोआप विरघळतं. त्याला कुणी विचारत नाही की तू गाव का पुसलंस. त्याला ‘सिनेमॅटिक’ म्हणतात. मोबाईलचा सेन्सर नखाएवढा, त्यात बैलापासून कळसापर्यंत सगळं सारखंच स्पष्ट येतं. त्या पोराकडं मोठा कॅमेरा नाही, बोलवायला पैसे नाहीत. त्याला आपल्या बापाचा चेहरा उठून दिसायला पाहिजे. हे मागणं चुकीचं कसं?

आणि वेस वेस म्हणताय, पण क्लिपमध्ये अजून काय काय असतं तेही सांगा. आमच्या मांडवात नवरी चालत येते तेव्हा मागं कूलर, पाण्याचे जार, जनरेटरची वायर, पुढाऱ्यांच्या फोटोंचं बॅनर. ते तसंच ठेवायचं काय?

बीडचा एडिटर
जार आणि वायर झाका, माझी ना नाही. पण झाकायचं असेल तर शूटच्या वेळी दोन पावलं सरका. लांब लेन्स लावा. कॅमेऱ्यात आलेला ब्लर खरा असतो, कारण तो अंतरातून येतो.

लातूरचा लग्नवाला
आपल्याकडं एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. भर दुपारच्या उन्हात, १/५० सेकंदाच्या शटरवर, एफ १.८ ठेवायचं तर सात-आठ स्टॉप (एका स्टॉपला उजेड निम्मा) उजेड कापणारा एनडी फिल्टर, म्हणजे काळी काच लागते. बरं, तीही लावली. आता वरात अंगावर चालून येतेय आणि फोकसची खोली वीतभर. घोड्याच्या नाकावर फोकस बसला की नवरदेव गेला. वरात दुसऱ्यांदा निघत नाही. त्यापेक्षा लेन्सचं तोंड बारीक करून एफ ५.६ ला सगळं स्पष्ट घ्यावं आणि घरी बसून ब्लर करावं. चुकलं तर मूळ फुटेज हातात राहतं. लेन्सनं धूसर केलेलं पुन्हा स्पष्ट करता येत नाही, हे तुम्हीच सांगा खरं की खोटं?

नांदेडची रोटोवाली
मी पुण्यात हेच रोटोचं काम करते, म्हणजे फ्रेममागून फ्रेम हलता आकार मागच्यापासून वेगळा काढायचं, सात वर्षं झाली. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण ब्लर वाईट का दिसतो ते कुणी सांगितलं नाही.

बहुतेक जण काय करतात : एकच क्लिप एकावर एक अशा दोन लेयरवर ठेवतात, वरच्यावर बैलाचा मास्क, खालच्यावर ब्लर. खालच्या लेयरमध्ये बैल अजून आहेच ना! ब्लर केला की त्याचा पांढरा रंग चहूकडं पसरतो. देवणीचं अंग पांढरं, वेस काळ्या दगडाची, म्हणजे बैलाभोवती पांढरट धूर सुटल्यासारखं दिसणार. मास्कची कड कितीही मऊ केली तरी तो धूर जात नाही. आधी खालच्या लेयरमधून बैल काढावा लागतो, आणि मग ब्लर. इथं बैल चालतोय याचा फायदाच आहे. तो पुढं सरकला की त्याच्यामागचा दगड उघडा पडतो, ती जागा दुसऱ्या फ्रेममधून उचलता येते. मात्र मोबाईल हातात धरून काढलं असेल तर आधी कॅमेऱ्याची मूव्हमेंट ट्रॅक करून, म्हणजे फ्रेमगणिक माग काढून, दोन्ही फ्रेम जुळवून घ्याव्या लागतात. वेळ खाणारं काम आहे.

दुसरी चूक जमिनीची. सगळ्या बॅकग्राउंडला एकसारखा ब्लर दिला की खुराखालची मातीही धूसर होते आणि बैल हवेत तरंगतो. लेन्स असं कधीच करत नाही. खूर जितक्या अंतरावर, तितक्या अंतरावरची माती स्पष्टच राहिली पाहिजे, आणि तिथून मागं ब्लर हळूहळू वाढला पाहिजे.

आपोआप मास्क काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं म्हणाल तर आफ्टर इफेक्ट्समध्ये रोटो ब्रश २०१० पासून आहे, दा विंची रिझॉल्व्हमध्ये मॅजिक मास्क १७ व्या आवृत्तीत आला, पण तो पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओत. फुकटच्या रिझॉल्व्हमध्ये विंडो, म्हणजे साध्या आकाराचा मास्क, काढून ट्रॅक करता येते, माणसाच्या धडाला ती पुरते. गोंडे आणि शेपटीला कुठलंच आपोआप पुरत नाही. कार्टूनपट काढणारे मॅक्स फ्लायशर यांना रोटोस्कोपचं, म्हणजे फिल्मवरून चित्र गिरवायच्या यंत्राचं, पेटंट १९१७ मध्ये मिळालं, तेव्हाही एकेक फ्रेम हातानं गिरवायची होती. अवघड जागी आजही तेच करावं लागतं.

अंबाजोगाईची लेक
तुम्ही सगळे दिसण्याचंच बोलायलात. मागं उभ्या असलेल्या माणसांना कुणी विचारलं का?

आमच्या गल्लीतल्या एका पोरानं गौरीच्या दिवशी रील काढली. तो पुढं चालतो, मागं ओट्यावर आम्ही बायका. ती रील कुठं कुठं गेली. माझ्या जावेला माहेरून फोन आला, “तू दिसलीस.” तिला ते अजिबात आवडलं नाही. मला तर वाटतं, ज्यानं होकार दिला नाही त्याला धूसर करणं हे सभ्यपणाचं आहे.

नांदेडची रोटोवाली
ताई, मुद्दा अगदी खरा, पण एक सावध करते. सुंदर दिसायला जो हलका ब्लर देतात त्यानं ओळख लपत नाही. चाल, साडी, उभं राहण्याची ढब यावरून घरचा माणूस लगेच ओळखतो. ओळख लपवायची तर चेहऱ्याचा वेगळा मास्क, वेगळा ट्रॅक, आणि चेहरा पार मोडेल इतका जाड ब्लर. त्याहून सरळ म्हणजे तो शॉट घेऊच नये.

हलगीवाल्याचा पोरगा
माझे वडील हलगी वाजवतात. वरातीत ते नवरदेवाच्या मागं नाहीतर बाजूला असतात. व्हिडिओ आला की आम्ही बघतो, आणि अलीकडं वडलांच्या जागी तपकिरी डाग दिसायलाय. हात हलतो ते कळतं, हलगी कळत नाही. पुढची सुपारी घ्यायला गेलं की लोक म्हणतात व्हिडिओ दाखवा. काय दाखवायचं? आम्हाला कुणी ब्लर करायच्या आधी विचारत नाही.

लातूरचा लग्नवाला
भाऊ, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. वाजवणाऱ्यांची एक क्लिप मी यापुढं न ब्लर करता काढून देत जाईन, पैसे न घेता. पण नवरीच्या मागचे जार मी झाकणारच. आणि औशाच्या पोराला नाही म्हणणं मला अजूनही चूक वाटतं. बाप त्याचा, बैल त्याचे.

बीडचा एडिटर
बाप त्याचा, बैल त्याचे, पण वेस गावाची. मी नकारावर ठाम आहे. हलगीवाल्या भावाचं वाचून जास्तच.

अंबाजोगाईच्या ताईंचं मात्र मान्य. क्लिपच्या डाव्या बाजूला दोन लेकुरवाळ्या बाया आहेत, त्यांनी पदर चेहऱ्यावर ओढलेला दिसतो. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तेवढं झाकून देतो असं पोराला कळवतो.

नांदेडची रोटोवाली
दादा, ठाम राहा, पण पोराला कारणही सांगा. खऱ्या लेन्सनं काढलं असतं तरी बैल तोरणाखाली येतो त्या क्षणी तोरण आणि बैल एकाच अंतरावर असतात. म्हणजे त्याला हवा असलेल्या मोठ्या कॅमेऱ्यातही तोरण स्पष्टच आलं असतं, आणि वेशीचे दोन्ही खांबही. धूसर झाला असता तो फक्त मागचा कळस आणि गल्ली. तेवढंच करून दाखवलं तर कदाचित त्याचंही समाधान होईल आणि तुमचंही.

शिंग तोरणाच्या पानांत घुसतं त्या फ्रेम मला पाठवा. तिथं ट्रॅक हमखास सुटणार, मी हातानं करून देते.