मदत हवी आहे: एकट्याने व्यवसाय सांभाळून विपश्यना

नमस्कार मंडळी,
विपश्यना ध्यानाचं 10 दिवसांचं शिबिर प्रत्यक्षात 12 तारखा घेतं: आदल्या दुपारी पोहोचायचं, अकराव्या दिवशी सकाळी निघायचं. फी नसते, पण फोन जमा असतो. खरी अडचण तिथेच.

टीडीएस (कापून घेतलेला कर) कापत असाल तर तो 7 तारखेला भरायचा; दरमहा जीएसटी भरणाऱ्यांना 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचा तपशील), 20 ला जीएसटीआर-3बी (कर भरण्याचं विवरणपत्र). 3बी चुकलं की दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क, शिवाय थकलेल्या करावर वार्षिक 18 टक्के व्याज. सीएकडे सोपवलं तरी ओटीपी मालकाच्याच मोबाइलवर येतो. म्हणून 21 ला जाऊन महिन्याच्या सुरुवातीला परतणं बरं वाटतं. पण मदतनिसांचे पगार आणि कर्जाचे हप्ते नेमके तेव्हाच! खात्यात आधीच पैसे ठेवून हप्ता आपोआप जाईल, पगाराचं काय? आदल्या दिवशीच देता का?

दुसरं जास्त अवघड. शिबिरानंतर घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास ध्यानाला बसायचं असतं. सकाळचा जमतो, संध्याकाळी ग्राहकांचे फोन थांबत नाहीत. सातनंतर फोन बंद ठेवणाऱ्यांची कामं खरंच कमी झाली का? ग्राहकांना आधी काय सांगितलंत? अनुभवी साधकांनी कृपया सविस्तर लिहा.