मदत हवी आहे : तारीख नसलेले राजकीय व्यंगचित्र इतिहासाचे साधन म्हणून कसे वाचावे?

नमस्कार. मी सांगलीत राहते, कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि सध्या संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील व्यंगचित्रांवर लघुप्रबंध लिहीत आहे. या कामात एका कात्रणापाशी मी गेले दोन महिने अडले आहे. येथे जुन्या नियतकालिकांचे जाणकार आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे आजोबा तासगाव तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. वर्तमानपत्रांतील व्यंगचित्रे कापून ती एका जुन्या हजेरीपटाच्या पानांत ठेवण्याची त्यांना सवय होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आमच्या घरात शिरले, तेव्हा ती पेटी तळाशी भिजली. कात्रणे एकेक करून टिपकागदावर वाळवली आणि त्यांतली एकेचाळीस वाचली. मात्र आजोबांनी कडेला शाईने टिपलेल्या तारखा व नियतकालिकांची नावे बहुतेक ठिकाणी धुऊन गेली. ज्या कात्रणाविषयी विचारायचे आहे, त्याची खालची कडही गळून पडली आहे. त्यामुळे चित्रकाराची सही नाही आणि चित्राखालच्या ओळीतला ‘पायथ्याशी’ एवढा एकच शब्द उरला आहे.

चित्र वीतभर रुंदीचे आहे. डावीकडे उंच गड आणि त्याच्या पायऱ्या. पायऱ्यांवर शेरवानी घातलेली, छातीवर गुलाब लावलेली व्यक्ती उभी आहे. तिचे शरीर गडाकडे वळलेले आहे, पण मान मागे वळवून ती खाली पाहते आहे. तिच्या पुढे बैलजोडी आहे. गडाच्या पायथ्याशी मुंगीएवढ्या माणसांची गर्दी असून प्रत्येकाच्या हातात काळे निशाण आहे. त्या गर्दीतून एकच शेतकरी गडाच्या निम्म्या उंचीचा काढला आहे, आणि त्याचा फेटा डोळ्यांवर घसरला आहे.

गुलाबावरून नेहरू आणि बैलजोडीवरून काँग्रेस हे उघड आहे. बैलजोडी हे काँग्रेसचे चिन्ह १९६९ च्या फुटीपर्यंत होते. कात्रणाच्या पाठीमागे सायकलच्या सामानाची अर्धी जाहिरात आहे आणि तिच्यात किंमत ‘न. पै.’ अशी दिली आहे. नवे पैसे १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाले आणि जून १९६४ मध्ये त्यांतला ‘नवे’ हा शब्द गेला, म्हणजे कात्रण या सात वर्षांतले असले पाहिजे. गड आणि काळी निशाणे जमेस धरली की ३० नोव्हेंबर १९५७ हा दिवस डोळ्यांपुढे येतो. त्या दिवशी नेहरूंच्या हस्ते प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि संयुक्त महाराष्ट्र समितीने वाई-पसरणी घाटाच्या वाटेवर प्रचंड निदर्शने केली. मराठी व गुजराती भाग एकत्र असलेले द्वैभाषिक मुंबई राज्य स्थापन होऊन तेव्हा तेरा महिने झाले होते. म्हणून हे चित्र डिसेंबर १९५७ चे, असे मी टिपणात लिहून ठेवले आहे.

खरी अडचण त्या फेट्याची आहे. शेतकरी गडाएवढा मोठा होत चालला आहे, यावरून चित्रकार समितीच्या बाजूचा वाटतो. पण डोळ्यांवर आलेला फेटा पाहिला की या माणसाला कोणीतरी भरकटवले आहे, असे चित्रकाराला म्हणायचे असेल का, ही शंका येते. प्रथम मला तो भाग पुराच्या पाण्याने पसरलेल्या शाईचा डाग वाटला होता. भिंगाखाली पाहिले, तेव्हा तेथे आडव्या-उभ्या बारीक रेघांचे जाळे स्पष्ट दिसले. चित्र लाइन ब्लॉकवरून (रेघांच्या चित्राच्या धातूच्या ठशावरून) छापलेले असल्याने त्या रेघा चित्रकाराच्या टाकाच्याच आहेत, याबद्दल आता मला शंका नाही.

माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे की, असे चित्र प्रबंधात शोभेसाठी चालेल, पुरावा म्हणून चालणार नाही, कारण व्यंगचित्रकार मुळातच अतिशयोक्ती करतो. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही मला हे पटत नाही. लंडनच्या ‘पंच’ या व्यंगचित्र-साप्ताहिकात २२ ऑगस्ट १८५७ रोजी जॉन टेनियलचे चित्र आले होते : जमिनीवर पडलेली इंग्रज स्त्री व तिचे मूल, त्यांच्यावर बंगालचा वाघ आणि त्या वाघावर झेप घेणारा ब्रिटिश सिंह. १८५७ च्या उठावात कानपुरात प्रत्यक्ष काय घडले, हे त्या चित्रातून कळत नाही आणि कळावे अशी अपेक्षाही करू नये. परंतु तिकडचा वाचक सूडाच्या भाषेला किती तयार झाला होता, हे सरकारी कागदपत्रांपेक्षा तेथे अधिक थेट दिसते. व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांनी डिसेंबर १९७५ मध्ये राष्ट्रपती न्हाणीच्या टबात बसूनच वटहुकमावर सही करत आहेत, असे चित्र काढले. ते आणीबाणीत, वृत्तपत्रांवर निर्बंध असताना छापून आले, ही गोष्टच चित्राइतकी महत्त्वाची आहे. म्हणजे व्यंगचित्र घटनेचा पुरावा नसेल, पण चित्रकाराने वाचकाला काय ठाऊक आहे असे गृहीत धरले आणि त्याला काय छापता आले, याचा तो पुरावा आहे.

यात धोका कोठे आहे, हेही मला ठाऊक आहे. व्यंगचित्रकार शंकर यांचे १९४९ चे चित्र आपणांपैकी अनेकांना आठवत असेल : राज्यघटनेच्या गोगलगायीवर बसलेले डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. घटना तयार होण्यास लागणारा वेळ हा त्याचा तेव्हाचा विषय होता. अकरावीच्या पाठ्यपुस्तकातील त्याच चित्रावरून २०१२ मध्ये संसदेत तीव्र आक्षेप घेतला गेला. एका दलित विद्यार्थ्याला त्या चाबकात जे दिसते, ते चूक आहे असे मी वर्गात कधीही म्हणणार नाही. परंतु १९४९ च्या वाचकाने काय पाहिले, हा प्रश्न वेगळा आहे, आणि १९४९ मध्ये वाचक म्हणून कोणाची गणना होत होती, हा त्याहून वेगळा. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती. तरीही आमच्या आजोबांच्या गावी अंक केशकर्तनालयात मोठ्याने वाचला जाई आणि चित्र हातोहात फिरे, असे ते सांगत. फेट्याचा अर्थ अशा माणसांनी काय लावला असेल, हेच मला शोधायचे आहे.

माझी विनंती अशी : १९५७ ते १९६० मधील मराठी साप्ताहिकांचे बांधीव खंड पुणे, सातारा, कराड किंवा कोल्हापूर येथे कोणी अलीकडे प्रत्यक्ष हाताळले आहेत का? डोळ्यांवर आलेला फेटा ही खूण त्या काळच्या इतर चित्रांत कोणी पाहिली आहे का, आणि असल्यास ती कोणत्या बाजूच्या चित्रकाराकडे? दोन्ही बाजूंची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

भर, दुसऱ्या दिवशी :

सांगलीच्या हळद बाजारात आयुष्य घालवलेल्या एका सभासदांनी पाठीमागच्या छायाचित्रातील एका ओळीकडे लक्ष वेधले, त्याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे. जाहिरातीखाली बाजारभावाच्या दोन ओळी अर्धवट उरल्या आहेत आणि त्यांत ‘नवी राजापुरी’ हे शब्द वाचता येतात (राजापुरी ही हळदीची जात). मी ते वाचले होते, पण त्यांचा विचार केला नव्हता. नवी हळद पेठेत येते ती फेब्रुवारीच्या सुमारास. डिसेंबरात तिचे सौदे निघत नाहीत, असे ते ठामपणे सांगतात. तसे असेल, तर माझे डिसेंबर १९५७ चे अनुमान टिकत नाही.

मग हे चित्र १९५८, १९५९ किंवा १९६० च्या उन्हाळ्याच्या तोंडचे ठरते. चित्रकाराने प्रतापगड बातमी म्हणून काढला नसून, वाचक तो विसरलेला नाही या भरवशावर काढला, असा त्याचा अर्थ होतो. १९६० चा मार्च-एप्रिल असेल, तर मुंबई राज्याच्या विभाजनाचा निर्णय झालेला होता आणि १ मे जवळ आला होता. अशा वेळी पायऱ्यांवरून मान वळवून खाली पाहणारे नेहरू काहीतरी वेगळेच सांगतात. आज सकाळी मी पुन्हा भिंग घेऊन त्यांच्या पावलांकडे पाहिले. उजव्या पायाची टाच पायरीवरून उचललेली आहे, पण ते चढत आहेत की थांबले आहेत, हे माझ्या एकटीच्या नजरेने ठरवणे योग्य नाही. पावलांचे मोठे केलेले छायाचित्र आता वर जोडले आहे. खंडांचा शोधही कृपया डिसेंबर १९५७ ऐवजी या तीन वर्षांतील फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत घ्यावा.