मदत हवी आहे: पुराच्या रात्री ड्रॅगनची आई अंडी हलवू शकेल का?

नमस्कार मंडळी. मी भांडुपला राहते. गेली दोन वर्षं माझ्या भाचीसाठी एक कादंबरी लिहिते आहे, दर रविवारी एक भाग तिला वाचून दाखवते. ती आता अकरा वर्षांची आहे. सहा प्रकरणं झाली, सातव्यात अडले. अडचण गोष्टीची नाही, प्राणिशास्त्राची आहे. इथे जंगलात हिंडणारे, कासवांचं काम केलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

आधी प्राणी कसा आहे ते सांगते, नाहीतर प्रश्न कळणार नाही. तिचं नाव कातळपाखरू. पक्षी नाही, सरपटणाऱ्यांतली आहे, पण लोक पाखरूच म्हणतात. चित्रांत ड्रॅगनला चार पाय आणि वर दोन पंख असतात, तसं मला नको होतं. कणा असलेल्या प्राण्यांना हात-पाय-पंख सगळे धरून चारच. म्हणून हिचे पुढचे पाय हेच पंख, वटवाघळासारखे. जमिनीवर चालताना ती पंखांची घडी घालून मनगटावर भार टाकते. पश्चिम घाटातला उडता सरडा लांबलेल्या बरगड्यांवर कातडी ताणतो, पण तो या झाडावरून त्या झाडावर नुसता तरंगत जातो. माझ्या कातळपाखराला विहार तलावावरून ठाण्याच्या खाडीपर्यंत जायचं आहे, फ्लेमिंगोंच्या मागे.

वजन 15 किलो ठेवलं आहे. माळढोकाच्या कुळातले सर्वांत जड उडणारे पक्षी 18-20 किलोच्या आसपास थांबतात, त्याच्या आत राहायचं होतं. पंखांचा पसारा 4.5 मीटर. आग ओकत नाही. धोका वाटला की बॉम्बार्डियर भुंगेऱ्यासारखा गरम फवारा मारते. त्या भुंगेऱ्याच्या पोटात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र येतं आणि फवारा जवळजवळ उकळत्या पाण्याइतका तापतो. एवढं पुरे.

सकाळी ती कातळावर पंख पसरून ऊन खाते. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर बसवायची फार इच्छा होती, 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे ते उभे खांब बघितले की हात शिवशिवतात. पण आता टेकडीभोवती इमारतींची दाटी आहे, तिला तिथे शांतता मिळणार नाही. म्हणून कान्हेरीच्या वरचा कातळ दिला. ऊन चढलं की देवनारच्या कचराडेपोवरच्या घारींसारखी गरम हवेवर घिरट्या घेत वर जाते. जीभ घोरपडीची, दुभंगलेली. जमिनीला जवळजवळ टेकवत, आत-बाहेर करत ती वास गोळा करते. भाचीने आरेमध्ये घोरपड पाहिली आहे, त्यामुळे जिभेच्या बाबतीत ती मला एक अक्षर चुकू देत नाही.

आता अडचण. विहार तलाव भरून वाहतो ते पाणी मिठी नदीला मिळतं. त्या ओढ्याच्या काठावर, मातीत खणलेल्या खड्ड्यात कातळपाखराची नऊ अंडी आहेत. तारीख 26 जुलै 2005. पाणी चढायला लागतं आणि आई एकेक अंडं तोंडात धरून वरच्या कातळावर नेते. प्रकरण लिहून झालं होतं. भाचीने ऐकलं आणि म्हणाली, "मावशी, वेळासला त्या काकांनी सांगितलं होतं की कासवाचं अंडं फिरवलं तर आतलं पिल्लू मरतं. मग हिची नाही का मरणार?"

मला उत्तर देता आलं नाही. कोंबडी तर अंडी दिवसातून कितीदा फिरवते! हे खरं आहे का? आणि खरं असेल तर त्या रात्री आईने काय करावं?

पूर काढून टाका असं कृपया सुचवू नका. त्या दिवशी मी कॉलेजातून निघून कुर्ल्यापासून एलबीएस रोडने चालत आले होते. फोन बंद, दिवे बंद. घाटकोपरच्या अलीकडे समोरून माझी आई येताना दिसली, कमरेएवढ्या पाण्यात, हातात दुमडलेली छत्री. मी कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं, तरी निघाली होती. पूर राहणार.

खाजणवाट
ताई, भाची बरोबर आहे. मी वेळासला दोन हंगाम स्वयंसेवक होतो. पक्ष्याच्या अंड्यात बलकाला दोन्हीकडून पीळदार दोऱ्या असतात, त्यामुळे अंडं फिरलं तरी गर्भ वरच राहतो. कासवाच्या, मगरीच्या अंड्यात तशी सोय नाही. अंडं घातल्यावर काही तासांत गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला, वरच्या टोकाला चिकटतो. नंतर अंडं उलटं केलं की तो सुटतो किंवा बलकाखाली दबतो. म्हणून आम्ही रात्री मादी समुद्रात परतली की लगेच अंडी काढायचो, जशी होती तशीच बादलीत, आणि हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात. बादली हातात घेऊन चालताना बोलायचंसुद्धा नाही असा आमचा नियम होता.

पण अंडी तिथेच ठेवूनही चालणार नाही. कवचातून हवा आत-बाहेर होत असते. पाण्याखाली गेली की गुदमरतात.

धागाकर्ती
म्हणजे दोन्हीकडून मरण. आज रात्री झोप नाही.

निवांतवाडी
इतकं वाईट नाही. मगरीचं अंडं हातात घेतलं की वरच्या बाजूला खडूने पुसल्यासारखा एक पांढरा डाग दिसतो. गर्भ चिकटला की एका दिवसात तो डाग उमटतो, पुढे त्याचा पट्टा होतो. बाकीचं कवच थोडं पारदर्शक राहतं. म्हणजे वरची बाजू कुठली ते अंड्यावरच लिहिलेलं असतं. तुमच्या आईला तो डाग दिसतो आणि ती तो वर ठेवून उचलते, एवढं पुरे आहे. तोंडात धरायचं तर जीभ खाली दाबून जबड्यात झोळी करते. मगर पिल्लांना पाण्यात नेताना अशीच झोळी करते.

मला खटकतं ते वेगळंच. जुलैच्या शेवटी अंडी का आहेत? पवईतल्या आणि विहारातल्या मगरी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये अंडी घालतात, साधारण दोन महिन्यांत पिल्लं बाहेर येतात, म्हणजे 10-11 जूनला पाऊस यायच्या आत किंवा त्या सुमाराला. काठावर घरटं करणारा प्राणी पावसाळ्यात अंडी ठेवणार नाही. शेकडो पिढ्यांत पुराने ती सवय कधीच पुसून टाकली असती.

खाजणवाट
घोरपड वारुळात अंडी घालते कधीकधी. वारूळ पावसात टिकतं, आतली ऊबही फार हलत नाही.

निवांतवाडी
टिकतं, पण 26 जुलैला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला होता. ओढ्याकाठचं वारूळ त्यात राहिलं नसतं. आणि तिला वारुळात पाठवलं तर आईला करायला काही उरत नाही.

धागाकर्ती
हो, आईला बाजूला करायचं नाही. पण जुलैचं काय करू? कारण द्यायला हवं, भाची विचारणारच.

निवांतवाडी
कारण आहे. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत एकाच मगरीने एका वर्षात दोनदा अंडी घातल्याची नोंद आहे. तुमच्या कातळपाखराची ही दुसरी खेप समजा. पहिली एप्रिलमध्ये गेली, मुंगसाने खाल्ली म्हणा, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मुंगसं पुष्कळ. दुसरी मेच्या शेवटी घातली. आईचीही चूक नाही आणि निसर्गाचीही नाही. मग जुलैच्या शेवटी पिल्लं पूर्ण वाढलेली असतील. आणि याचा फायदा बघा: पहिल्या दिवसांत अंडं हलवणं जितकं घातक, तितकं शेवटच्या दिवसांत नाही. गर्भ तेव्हा पिल्लू झालेला असतो. शिवाय मगरीची पिल्लं फुटायच्या आधी कवचाच्या आतून आवाज देतात. ते ऐकूनच आई घरटं उकरते.

अजून एक. मगरीत नर की मादी हे उबेवर ठरतं. 28 ते 31 अंशांत सगळ्या माद्या, 32.5 च्या जवळ नर. दुसरी खेप ढगाळ, थंड मातीत वाढली. तर नऊही माद्याच.

धागाकर्ती
आवाज! माझ्या प्रकरणात आई डोळ्यांनी पाणी बघून अंडी उचलत होती. तसं नको. ती वर कातळावर अडकली आहे, पंख भिजून जड झाले आहेत, काळोखात काही दिसत नाही. आणि मातीखालून नऊ बारीक आवाज येतात. मग ती उतरते. उडत नाही, चालत, मनगटांवर. हे मला सुचलं नसतं. दोघांचे मनापासून आभार.

एकच विचारते: पंख ओले असताना तिला पोहता येईल का?

खाजणवाट
घोरपड चांगली पोहते, पाय अंगाला चिकटवून शेपटीने. हिलाही पंख मिटून शेपटीने जाऊ द्या. शेपूट मात्र चपटी आणि दांडगी द्या, ती तुम्ही सांगितलेली नाही.

धागाकर्ती
रविवारचं कळवते. भाचीला नवं प्रकरण वाचून दाखवलं. पांढऱ्या डागाचं ऐकून ती स्वयंपाकघरात गेली, लिंबावर निळ्या पेनाने ठिपका काढला, चमचा तोंडात धरला, त्यात ठिपका वर ठेवून लिंबू ठेवलं आणि डोळे मिटून हॉलपासून गॅलरीपर्यंत चालली. नऊ वेळा. तिसऱ्या आणि सातव्या वेळी लिंबू घरंगळलं. मग म्हणाली, "सातच वाचली असं लिही."

तसं लिहिलं आहे.