लेथवर लाकडी पेन: भोक पाडताना ठोकळा फुटतो

प्रश्न (धुळे): लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) सागाचे पेन करायला शिकतोय. ७ मिमीचं भोक पाडताना खालच्या टोकाची कपची उडते. काय चुकतंय?

उत्तर (जळगाव): भाऊ, ड्रिल बाहेर पडतं तिथे लाकडाला आधार नसतो. ठोकळा भोकात बसणाऱ्या पितळी नळीपेक्षा १० मिमी लांब ठेवा, भोक आरपार नेऊ नका. ते टोक नंतर कापलं की भोक उघडतं. दर ५-६ मिमीला ड्रिल वर घेऊन भुसा काढा. भुसा अडकला की लाकूड तापतं नि चिरतं.

उत्तर (नंदुरबार): लाकूड पूर्ण वाळलेलंच हवं, बाभूळ असेल तर जास्तच. ओलं लाकूड आपल्या मे महिन्यात पेन झाल्यावरही तडकतं. पितळी नळी पॉलिश पेपरने खरवडून मगच इपॉक्सी गोंद लावा. मँड्रेलचा (ठोकळा ज्यावर बसवून फिरवतात त्या दांड्याचा) नट फार आवळू नका. दांडा वाकतो, पेन लंबगोल होतो.