झोपेत हात-पाय झाडणे (आरबीडी): क्लोनाझेपाम लगेच सुरू करावी का?

डिचोलीकर: बाबा ६६ वर्षांचे. पहाटे तीन-चारच्या सुमारास झोपेत ओरडतात, गुद्दे मारतात. जागं केलं की कुणी अंगावर धावून आल्याचं स्वप्न सांगतात. परवा खाटेवरून पडून भुवईला टाके पडले. घोरतातही. एस्सिटालोप्राम (नैराश्यावरची गोळी) १० मिग्रॅ चालू आहे. डॉक्टरांनी आरबीडी (रेम झोपेत स्वप्नातल्या हालचाली प्रत्यक्ष करण्याचा विकार) असावा म्हणून क्लोनाझेपाम (गुंगी आणणारी गोळी) ०.५ मिग्रॅ दिली. सुरू करू की आधी तपासणी?

स्लीपलॅब_तंत्रज्ञ: घोरतात ना, मग आधी तपासणी. स्लीप ॲप्नियात श्वास अडकून दचकणारा माणूसही हुबेहूब असाच झटापट करतो. त्याला सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र) लावलं की ती थांबते. क्लोनाझेपामने मात्र घशाचे स्नायू आणखी सैल पडून श्वास जास्त अडकू शकतो.

'व्हिडिओसह पॉलिसोम्नोग्राफी' (रात्रभर वायरी लावून केलेली झोपेची तपासणी) असं स्पष्ट मागा. घरी लावायच्या छोट्या यंत्रात सहसा हनुवटीच्या स्नायूंची नोंद होत नाही, आणि निदान तर त्यावरच ठरतं. रेम म्हणजे स्वप्नांच्या झोपेत या स्नायूंच्या नोंदीची रेघ जवळपास सपाट हवी. आरबीडीत ती खडबडीत राहते. दोन्ही हातांवरही इलेक्ट्रोड लावले तर उत्तम. रेम पहाटे जास्त असते, त्यामुळे चारलाच वायरी काढल्या तर नेमकं हवं तेच निसटतं. बाबा आपणहून उठेपर्यंत नोंद चालू ठेवायला सांगा. त्या रात्री झटापट झाली नाही तरी चालतं.

बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) न्यूरॉलॉजी ओपीडीत जाताना मोबाईलवर काढलेला व्हिडिओ न्या. एकाच रात्री अनेकदा, दर वेळी अगदी त्याच हालचाली होत असतील तर फिट्सचाही विचार करावा लागतो.

फार्मसी_फोंडा: एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांनी आरबीडी सुरू होऊ शकतो किंवा वाढू शकतो. त्रास गोळीनंतर सुरू झाला का, ती तारीख डॉक्टरांना सांगा. स्वतःहून बंद मात्र करू नका.

या वयात, त्यात घोरणं असताना, मेलाटोनिनबद्दल (झोपेच्या संप्रेरकाची गोळी) आधी विचारा. साधारण ३ मिग्रॅ झोपताना, रोज ठरल्या वेळी. गरजेनुसार हळूहळू ६ ते १२ पर्यंत नेतात. क्लोनाझेपाम लागलीच तर ०.२५ पासून. ती शरीरात दुसऱ्या दिवशीही उरते, म्हणून सकाळी न्हाणीघरात तोल जाण्याची भीती. नंतर एकदम तोडायची नाही. रोजची फेणी असेल तर तीही डॉक्टरांना सांगा. एकाएकी सोडल्यानेही झोपेत अशी झटापट होऊ शकते.

डिचोलीकर: तपासणीची तारीख मिळेपर्यंत काय करू?

न्यूरो_फिजिओ: गादी आजच जमिनीवर घाला. पावसात लादीला ओल धरते, खाली फळ्या टाका. टेबल, समई, पितळेचा तांब्या हाताच्या टप्प्यातून हलवा. खिडकीच्या काचेपासून गादी लांब ठेवा. आईंनी तूर्त दुसऱ्या खोलीत झोपावं. झटापट चालू असताना बाबांना धरू नका, दुरून नावाने हाक मारा.

वास कमी येणं, बद्धकोष्ठता, चालताना एक हात न हलणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. दुसरं कारण न सापडलेल्या आरबीडीत पुढे काही वर्षांनी अनेकांना पार्किन्सन किंवा लेवी बॉडी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) होतो, म्हणून झटापट थांबली तरी न्यूरॉलॉजिस्टकडे वर्षातून एकदा तरी दाखवत राहा.